ताई नको म्हणते

शहरातल्या पाच-सहा दंतवैद्यांच्या कवळ्या कवळीकाकांच्या हातून जात, आणि तरीही शहरात त्यांना ओळखणारं माणूस शोधायला निघालात तर चपला झिजल्या असत्या. काम तसंच होतं. दंतवैद्य रोग्याच्या तोंडाचा ठसा घेतो आणि डब्यात घालून पाठवतो. काका त्यात प्लास्टर ओततात, प्लास्टरच्या जबड्यावर मेण चढवतात, मेणात एकेक दात बसवतात, मग मेणाच्या जागी पक्की गुलाबी हिरडी घडवतात, आणि घासूनपुसून लखलखीत केलेली कवळी त्याच डब्यातून परत जाते. ज्याच्या तोंडात ती जायची तो माणूस तिकडेच असतो. डब्यावर आडनाव, वय आणि दातांचा रंग लिहिलेला असायचा, एवढीच ओळख. कधीतरी बसमध्ये समोरची बाई खळखळून हसायची आणि काकांना वरच्या ओळीची ठेवण ओळखू यायची. दात आपलेच. पण परक्या बाईला तसं सांगायचं म्हणजे मार खायचं लक्षण, म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसत.

त्यांची कामाची खोली मोटार चालवायला शिकवणाऱ्या एका शाळेच्या वर होती. खालच्या मास्तरांचा आवाज इतका दणदणीत की फरशी फोडून वर यावा. काकांनी उभ्या आयुष्यात मोटारीच्या चाकाला हात लावला नव्हता, पण वळणावर पुढच्या गाडीला मागे टाकू नये, उतारावर गिअर सोडू नये, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. दिवसभरात कानावर पडणारं बोलणं ते तेवढंच. डबे आणणारा माणूस यायचा, पण त्याला कायम घाई, तो दारातूनच "ठेवलंय हो" म्हणून पसार व्हायचा. काकांचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. आई होती तोवर संध्याकाळी घरी परतायला निमित्त होतं. ती गेल्यावर दोन खोल्या, एक खाट आणि एक गॅसची शेगडी एवढं उरलं, आणि काका साठीला येऊन पोचले.

नात्याचं म्हणावं असं एकच माणूस होतं, थोरली बहीण, ताई. ती दुसऱ्या गावी, गाडीने पाच-सहा तासांवर. आणि ताईशी सहा वर्षं अबोला होता. कारण सांगितलं तर लोक हसतील म्हणून काका ते कोणाला सांगत नसत. झालं ते असं. भाचीचं लग्न ठरलं आणि त्याच सुमारास मेहुण्यांचे उरलेसुरले दात काढावे लागले. काका म्हणाले, तीन महिने थांबा, हिरड्या बसू देत, आत्ता केलेली कवळी टिकायची नाही. ताई म्हणाली, "मुलीच्या लग्नात बाप बोळकं घेऊन उभा राहणार का?" ताईपुढे काकांचं लहानपणापासून काही चालत नसे. त्यांनी घाईघाईने कवळी करून दिली. जेवणाच्या पंगतीत मेहुणे दोन शब्द बोलायला उठले, आणि दुसऱ्याच शब्दाला वरची कवळी निसटून व्याह्यांच्या ताटात पडली.

मांडव हसला. व्याही हसले. नवरीसुद्धा तोंडावर रुमाल धरून हसली. ताई तेवढी हसली नाही. ती तरातरा काकांच्या पानाजवळ आली आणि चार माणसांत म्हणाली, "तू मुद्दाम केलंस. तुला हे पहिल्यापासून आवडत नाहीत." काका भरल्या पानावरून उठले आणि मिळेल त्या गाडीने परतले. मुद्दाम केलं नव्हतं, हे खरं. मेहुणे त्यांना आवडत नव्हते, हेही खरं. आरोप नुसताच खोटा असता तर ते चार दिवसांत विसरले असते. अर्धा खरा होता म्हणून तो आत रुतून बसला. फोन ताईने करावा असं काकांना वाटे, काकांनी करावा असं ताईला वाटत असणार, आणि असं वाटण्यातच सहा वर्षं गेली.

अशात काकांच्या पोटात दुखायला लागलं. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ यायची, ती पाठीतून खांद्यापर्यंत चढायची आणि तासा-दोन तासांनी आपली आपण ओसरायची. काकांनी आधी पोटातला वारा म्हणून काणाडोळा केला. मग आम्लपित्त म्हणून दुधाचे प्याले रिचवले, त्याने आणखी दुखलं. शेवटी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली आणि तिचा कागद देऊन पोटाच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बोलायला भरभर आणि हसायला मोकळ्या होत्या. त्यांनी कागद पाहिला, काकांचं पोट दाबलं आणि खुर्चीत टेकल्या.

"पित्ताशयात खडे आहेत काका. तीन. लहान आहेत, पण आहेत. सरळ मार्ग म्हणजे पित्ताशय काढून टाकायचं. दुर्बिणीतून करतात, सकाळी ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. त्यावाचून माणसाचं काही अडत नाही. फक्त घरचं कोणीतरी सोबत हवं. सही करायला, रात्री थांबायला, घरी न्यायला. त्याशिवाय आमच्या हॉस्पिटलात दाखल करून घेत नाहीत. घरी कोण कोण असतं?"

ऑपरेशनचं काकांना काही वाटलं नाही. जबडे कापलेल्या माणसांचे ठसे त्यांनी हाताळले होते, ते असे तसे घाबरणारे नव्हते. घशात अडकला तो शेवटचा प्रश्न. कोणी नाही, एवढे दोनच शब्द सांगायचे होते. पण ते त्यांनी आजवर कोणापुढे उच्चारले नव्हते, आणि उच्चारले की समोरच्या बाईंच्या तोंडावर काय उमटेल ते त्यांना दिसत होतं. तेवढं त्यांना नको होतं.

"बहीण नको म्हणते," ते म्हणाले.

"कोण बहीण?"

"थोरली. माझ्याकडेच असते. तिनं ऑपरेशनचा धसका घेतलाय."

बोलून गेल्यावर त्यांचे कान तापले. पण डॉक्टरबाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही. घरोघरी अशा धसका घेतलेल्या बहिणी, आया आणि बायका असतात, त्यांनी शेकड्याने पाहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मग दुसरा एक मार्ग आहे, पण तो लांबचा आहे. आपल्या पित्तातच एक आम्ल असतं, ते गोळीतून द्यायचं. तुमचे खडे कोलेस्टेरॉलचे दिसतायत, त्यांनी चुना धरलेला नाही, पित्तात तरंगतायत. असे खडे त्या गोळीनं हळूहळू विरघळू शकतात. हळूहळू म्हणजे सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं. सगळ्यांचे विरघळत नाहीत. आणि विरघळले तरी पुढे परत होणार नाहीत असं मी लिहून देणार नाही. मला विचाराल तर ऑपरेशन बरं."

"ताई ऐकायची नाही," काका म्हणाले. दुसऱ्यांदा बोलताना जीभ अडखळली नाही.

मग पित्ताशय काम करतंय का ते बघायचं ठरलं. नर्सने त्यांना पावाचे दोन तुकडे दिले, त्यावर बोटभर लोणी. दुखण्याच्या धास्तीने ज्या लोण्याकडे काका महिनोन्महिने बघत नव्हते ते तिने समोर उभं राहून खायला लावलं. थोड्या वेळाने पुन्हा सोनोग्राफी झाली. पित्ताशय व्यवस्थित आकसलं होतं. म्हणजे त्याचं तोंड उघडं होतं, पित्ताची ये-जा चालू होती आणि गोळीला काम करायला वाव होता. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, जेवणानंतर घ्यायच्या, एकही चुकवायची नाही. ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले तर तडक यायचं. आणि निघताना त्यांनी पथ्याचा एक छापील कागद हातात ठेवला. "हा ताईंना द्या. स्वयंपाक त्याच करत असतील ना?"

"हो तर," काका म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी तो कागद शेगडीमागच्या भिंतीला चिकटवला. आधी आपल्या डोळ्यांसमोर येईल असा लावला. मग काढला आणि वीतभर खाली लावला, कारण ताई त्यांच्यापेक्षा बुटकी होती. हात धुताना त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं. त्यांना स्वतःचंच हसू आलं, पण कागद त्यांनी पुन्हा वर घेतला नाही. पुढे भाजी टाकताना तेल किती ते बघायला त्यांना दर वेळी वाकावं लागे.

खोटं बोलण्याची सवय नसलेला माणूस एकदा खोटं बोलला की ते फार नीट बोलतो. कवळी डब्यात घालण्याआधी काका ती वरून, खालून, कडेने तपासत, कुठे टोचेल ते आधी बघत. तसंच त्यांनी ताईचं केलं. तिसऱ्या महिन्याच्या तपासणीला जायच्या आधी त्यांनी सगळं जुळवून ठेवलं. ताई सकाळी लवकर उठते. ताई तेल चमच्याने मोजून घालते. गोळी घेतली का म्हणून ताई दोनदा विचारते, आणि दुसऱ्यांदा विचारल्याचा आपल्याला राग येतो. हे शेवटचं त्यांना फार आवडलं, कारण ते अगदी ताईसारखं होतं.

डॉक्टरबाई खूश झाल्या. गोळ्यांनी पोट जरा सैल राहतंय हे ऐकून त्या म्हणाल्या, "होतं सुरुवातीला. ताईंना सांगा घाबरू नका." सोनोग्राफीच्या खोलीत पोटावर गार जेल फासलं गेलं आणि काका अंधारात छताकडे बघत पडले. खडे होते तेवढेच होते. "इतक्यात काही दिसायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अशी बहीण घरात असली की आमचं अर्धं काम होतं. काय म्हणतात ताई?" काका म्हणाले, "काय म्हणणार, मीठसुद्धा कमी करून टाकलंय तिनं. भाजी खाववत नाही." डॉक्टरबाई मोठ्याने हसल्या. बाहेर बसलेल्या रोग्यांनी माना वळवल्या, आणि आपण कोणालातरी हसवलं याचं काकांना बसमध्ये बसेपर्यंत बरं वाटत राहिलं.

सहाव्या महिन्यात खडे लहान झालेले दिसले. मोजून दाखवण्याइतके लहान. डॉक्टरबाईंनी पडदा काकांकडे फिरवला, राखाडी ढगात तीन पांढरे ठिपके दाखवले आणि म्हणाल्या, "जा, ताईंना ही बातमी द्या आधी."

काका बाहेर पडले. हातात बातमी होती, चांगली होती, आणि ती द्यायला कोणी नव्हतं. फोनच्या यादीत दंतवैद्य होते, दातांची खोकी पुरवणारा दुकानदार होता, गॅसवाला होता. काकांनी यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली. कामाच्या खोलीत आल्यावर त्यांनी एका प्लास्टरच्या जबड्यावरचं मेण सारखं केलं, आणि मान वर न करता मोठ्याने म्हणाले, "खडे बारीक झाले." खाली मास्तर कोणालातरी आरशात बघायला सांगत होते. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मेणाचा धूर डोळ्यांत गेल्यावर येतं तसं नव्हतं, आणि तिथे दुसरं कोणी नसल्यामुळे त्यांनी तसं भासवलंही नाही. त्या दिवशी त्यांना आपण किती एकटे आहोत ते पोटातल्या कळेइतकं स्पष्ट कळलं.

त्यानंतर ताई घरात वाढायला लागली. आधी ती फक्त डॉक्टरबाईंपुढे असे, आता ती संध्याकाळीही असायची. काका वेडे नव्हते. दुसरा कप भरून ठेवणं वगैरे त्यांनी कधी केलं नाही. पण परतायला उशीर झाला असला तर कुलूप उघडताना ते मनातल्या मनात तिला सांगायचं कारण जुळवत. रविवारी काम नसे, त्या दिवशी तर ते तिच्याशी वादही घालत. असे वाद की ज्यात दोन्हीकडून आपणच बोलायचं, आणि तरी हरायचं.

नवव्या महिन्यात एक खडा दिसेनासा झाला. उरलेले दोन मात्र वर्ष झालं तरी हटेनात. वर्ष उलटून पुन्हा तपासणी झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी पडदा बराच वेळ स्वतःकडेच ठेवला.

"काका, हे थांबलंय. मोठ्या खड्याला वरून चुन्याचं कवच धरल्यासारखं दिसतंय. त्यातून गोळी आत शिरत नाही. वर्षभर तुम्ही एक गोळी चुकवली नाहीत, ताईंनीही काही कमी केलं नाही, पण आता ती घेत राहण्यात अर्थ नाही. मधे दुखलं होतं का?"

"दोनदा."

"मग आता ऑपरेशन. ताईंना मी समजावते. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन या."

पुढचा आठवडा आला आणि गेला. काका गेले नाहीत. ताई तिच्या मुलीकडे गेलीय, असं त्यांनी फोनवर कळवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, येऊ देत, पण फार थांबू नका, खडा नळीत अडकला तर पळापळ होईल. काका पुरते अडकले होते. खालच्या मास्तरांना विचारलं असतं तर मास्तर एका पायावर तयार झाले असते, सही ठोकली असती आणि रात्रभर वॉर्डाला रस्त्याचे नियम शिकवले असते. पण मास्तरांना कसं न्यायचं? घरात सख्खी बहीण असताना हा गृहस्थ कोण, असं डॉक्टरबाई विचारणार. एका दुपारी काकांच्या मनात आलं, ताई गेली म्हणून सांगावं. वारली. म्हणजे प्रश्नच मिटला. त्यांनी ते वाक्य एकट्याने म्हणून पाहायला तोंड उघडलं आणि त्यांच्याने ते म्हणवेना. मग उरलेला दिवस त्यांनी हात लावला ते प्रत्येक काम बिघडवलं.

तिसरी कळ कामावर आली. वाडग्यात प्लास्टर कालवून झालं होतं, ते घट्ट व्हायच्या आत ठशात ओतायचं असतं. काका वाडगा उचलायला वाकले आणि तसेच खाली बसले, मग आडवे झाले. या वेळची कळ ओसरेना. कपाळावर घाम, उलटीचा उमाळा, खांद्यात कोणी स्क्रू पिळतंय असं. दारावर थाप पडली. "ठेवलंय हो," डबेवाला म्हणाला आणि जिना उतरून गेला. हाक मारावी एवढा श्वास काकांजवळ नव्हता. खाली मास्तरांचा वर्ग सुटला, शटर ओढल्याचा आवाज झाला. काकांना वाटलं, आपण इथेच संपलो तर कवळ्या वेळेवर पोचल्या नाहीत म्हणून लोकांना कळेल, त्याआधी नाही. कधीतरी कळ उतरली. उठून पाहिलं तर वाडग्यातलं प्लास्टर दगड झालं होतं. ते त्यांनी हातोडीने फोडून काढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात जाऊन उभे राहिले.

डॉक्टरबाईंनी डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या, रक्त तपासायला पाठवलं आणि ऑपरेशनचा दिवस ठरवूनच टाकला. "ताई आल्या का?" त्यांनी विचारलं.

"आली," काका म्हणाले. "तयार झालीय ती."

वॉर्डात शिरायच्या क्षणी खरं सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. ऐनवेळी हे लोक परत पाठवणार नाहीत, चिडतील, बोलतील, पण पोट कापून देतील, असा त्यांचा हिशेब. खालच्या काउंटरवरच्या मुलीने नाव, वय, पत्ता, फोन विचारला, मग सोबतच्या नातेवाइकाचं नातं आणि फोन. काकांनी बहीण म्हणून सांगितलं आणि नंबर पुन्हा स्वतःचाच दिला. "हा तुमचाच झाला ना आजोबा? बहिणीचा सांगा." काकांना पाठ असा दुसरा एकच नंबर होता. सात वर्षांत तो त्यांनी एकदाही लावला नव्हता, पण विसरलेही नव्हते. मागे रांग खोळंबली होती. त्यांनी तो सांगितला आणि पुढे सरकले. जागा भरायला काहीतरी हवं असतं, त्यापलीकडे त्यांना त्यात काही वाटलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ते उपाशीपोटी खाटेवर बसले होते. अंगात पाठीमागून बांधायचा हिरवा झगा होता, आणि त्याच्या नाड्या नर्सने बांधल्या होत्या. वॉर्डात प्रत्येक खाटेशी कोणी ना कोणी होतं. कोणाची बायको थर्मासचं झाकण शोधत होती, कोणाचा मुलगा उभ्याउभ्या डुलक्या घेत होता. नर्सने दोनदा विचारलं, "सोबतचं कोण?" दोन्ही वेळा काका म्हणाले, "येतेय." डॉक्टरबाईंना सांगायचं वाक्य त्यांनी घोकून ठेवलं होतं. 'मला कोणी नाही, मी तुम्हाला फसवलं, सही मीच करतो.' तिसऱ्यांदा घोकताना त्यांनी दाराकडे पाहिलं आणि वाक्य राहूनच गेलं.

दारात ताई उभी होती. केस पार पांढरे झालेले, पाठीला बाक आलेला, हातात प्रवासी पिशवी. काकांनी घरात ठेवलेल्या ताईपेक्षा ही बरीच म्हातारी होती आणि आणखी बुटकी झाली होती. तिने खाटांवरून नजर फिरवली, काकांवर आणून थांबवली आणि सरळ चालत आली.

"काल दुपारी फोन आला," ती म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "कोणी मुलगी होती. म्हणाली, उद्या सकाळी सातला या, भावाचं ऑपरेशन आहे, आणि तुम्ही तयार झालात म्हणून डॉक्टरांना बरं वाटलं. रात्रभर गाडीत बसून विचार करतेय, मी कशाला तयार झाले?"

"ताई, ऐक, मी तुला सगळं..." काका सांगू लागले. आणि तेवढ्यात डॉक्टरबाई आल्याच.

"त्या तुम्ही!" त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ताईचा हातच हातात घेतला. "किती दिवस तुम्हाला बघायचं होतं. घाबरू नका हं, तासाभराचं काम आहे. तुमचा विरोध होता ना ऑपरेशनला, मला माहीत आहे. पण वर्षभर तुम्ही जे केलंत ते कोणी करत नाही. तेल चमच्यानं मोजून घालायचं, मीठ कमी करायचं, गोळी घेतली का दोनदा विचारायचं. हे तक्रार करायचे माझ्याकडे. सकाळी त्यांच्याआधी उठून डबा करून देता तुम्ही, तेही सांगितलंय त्यांनी. गोळीनं खडे गेले नाहीत यात तुमचा काही दोष नाही."

काका खाटेच्या लोखंडी कडेकडे बघत होते. आता ताई म्हणेल, कोणती गोळी, कसला डबा. तिने ते म्हणायला हवं होतं, तिचा तो हक्कच होता. सात वर्षांपूर्वी चार माणसांत तिने तोंड उघडलं होतं, इथे तर पूर्ण वॉर्ड होता.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. हिरव्या झग्यातून बाहेर आलेल्या त्यांच्या वाळक्या पोटऱ्या पाहिल्या, आणि खाटेच्या दोन्ही बाजूंची रिकामी जागा.

"हो," ती म्हणाली. "मीच नको म्हणत होते. भीती वाटायची. आता करा तुम्ही. कुठे सही करू?"

सही झाली. डॉक्टरबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. ताईने पिशवी खाटेखाली सरकवली, स्टूल ओढलं आणि बसली. काकांना माफी मागायची होती, पण नक्की कशाची ते ठरवता येत नव्हतं. लग्नातल्या कवळीची, सात वर्षांची, की तिला न विचारता घरात ठेवून घेतल्याची.

"किती दिवस राहतेय मी तुझ्याकडे?" ताईने विचारलं. आवाज हळू होता.

"वर्ष होऊन गेलं."

"डबा करून देते?"

"हो."

"कसा असतो?"

"अळणी."

ताईने मान हलवली. "आणि भांडत नाही का मी? इतके दिवस राहून?"

"भांडतेस की. रविवारी."

"कशावरून?"

काकांनी पांघरुणाची कड बोटांत धरली. सांगू नये असं त्यांना वाटलं, पण वर्षभर खोटं बोलून ते थकले होते.

"तू परत जाते म्हणायचीस," ते म्हणाले. "मी थांब म्हणायचो."

"मग?"

"मग सोमवार यायचा. मी कामावर जायचो."

ताईने तोंड फिरवलं. खिडकीबाहेर पाण्याची टाकी आणि पलीकडच्या इमारतीची भिंत एवढंच होतं, ती तिकडे बघत राहिली. ढकलगाडी घेऊन दोघे जण आले. त्यांनी काकांना तिच्यावर घेतलं, चष्मा काढायला लावला. चष्मा ताईने घेतला. चष्म्यावाचून काकांना ती धुरकट दिसत होती, पण गाडी हलली तशी ती कडेकडेने चालू लागली, एक हात गाडीच्या दांड्यावर ठेवून. लांब बोळ संपला तिथे दुहेरी दार होतं. गाडीवाल्याने तिला अडवलं.

"नातेवाईक इथपर्यंतच, मावशी. खाली कँटीन आहे, चहा घेऊन या. दोन-तीन तास तरी जातील."

"मला नको चहा," ताई म्हणाली. तिने दाराजवळच्या बाकावर बसकण मारली, आणि गाडी आत जाता जाता काकांना ऐकू जाईल अशा आवाजात, थेट भांडायच्या सुरात म्हणाली, "मी इथून हलणार नाही."